भेकरबाईंचे दोन रकाने

एका जंगलात एक शाळा होती. नीट बसा, मांडी घालून. जंगलात शाळा कशी, हा प्रश्न आत्ताच मनात उरकून घ्या, मग मला मध्ये थांबवायचं नाही. जंगलाला राजा होता, राजाला दरबार होता, दरबारात खाती होती आणि एक खातं रिकामं पडून होतं. म्हणून शाळा काढली. शाळा बऱ्याचदा अशाच निघतात.

शाळेला भिंत एकच होती. बाकीच्या तीन मंजूर झालेल्या होत्या. त्या एका भिंतीवर गेरूने हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'शाळेत येणारे प्रत्येक लेकरू हे माझेच लेकरू आहे.' खाली राजाच्या पंजाचा ठसा. राजा म्हणजे वाघ, श्रीमंत पट्टेराव महाराज. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी हे वाक्य म्हटलं होतं. त्या एका वाक्याच्या भरवशावर सशांनी, साळिंदरांनी, चितळांनी आपापली पोरं शाळेत घातली. नाहीतर वाघाच्या गुहेखालच्या पायवाटेने रोज सकाळी पोर पाठवायची कोणाची छाती होणार होती?

शिकवायला एकच बाई. यमुनाबाई त्यांचं नाव, पण त्या होत्या भेकर, म्हणून सगळे भेकरबाई म्हणायचे. तुम्ही भेकर पाहिलं नसेल. हरणाच्या नात्यातलं, शेळीएवढं, तांबूस जनावर असतं. घाबरट म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती साफ खोटी आहे. वाघाची चाहूल लागली की भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. ते ऐकून बाकीचे पळतात. स्वतः पळायचं सोडून जो उभा राहून ओरडतो, त्याला घाबरट म्हणायचं? पण आपल्याकडे नावं ठेवायला काय लागतं.

तर या भेकरबाईंना भुंकायची मनाई होती. शिक्षण खात्याचं तसं परिपत्रकच होतं. शाळेच्या आवारात भुंकल्याने वातावरण नकारात्मक होते, सबब भुंकू नये, धोका संभवल्यास शिक्षकांनी तो सौम्य व सूचक शब्दांत कळवावा, असा मजकूर. खाली सही तपासनीस तरससाहेबांची. तरससाहेबांना प्रत्येक वाक्यानंतर हसायची सवय होती, त्यामुळे ते रागावलेत की खुशीत आहेत हे कोणाला कधी कळलं नाही. बाईंनी चार वर्षं भुंकणं गिळलं. घसा सारखा दुखायचा. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि हजेरी घ्यायला उभं राहायचं. तेवीस पोरं होती पटावर. रोज सकाळी तेवीस मोजून होईपर्यंत बाईंच्या जिवात जीव नसायचा.

त्या वर्षी पुस्तकात एक नवा धडा आला. 'वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ.' घाबरू नका, नाव मोठं आहे, आत काही नाही. काही बोलणं शब्दाला शब्द धरून खरं असतं, तो वाच्यार्थ. काही बोलणं नुसतं बोलायची रीत असते, आत वेगळंच म्हणायचं असतं, तो लक्ष्यार्थ. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले. आई म्हणाली, पान वाढलंय, जेवायला ये, तर ते पहिल्या रकान्यात. आई म्हणाली, तुझ्यामुळे माझ्या डोक्याला मुंग्या आल्या, तर ते दुसऱ्या रकान्यात, उठून आईचं डोकं तपासायचं नाही. यावर मुंगसाच्या पोराने मान खाली घातली. त्याने आदल्याच दिवशी तपासलं होतं आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

मग पोरं विचारायला लागली, कोणतं वाक्य कुठल्या रकान्यातलं हे ओळखायचं कसं? पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. पुस्तकं अशा जागी नेमकी संपतात. मग बाईंनी स्वतःच्या डोक्याने एक युक्ती सांगितली.

"बोलणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. केव्हा, कुठे आणि किती. तो सरळ उत्तर देऊ लागला तर पहिला रकाना. आणि आभाळाकडे बघायला लागला, नाहीतर तुमच्यावर डाफरला, तर दुसरा."

पोरांना काय, खेळच मिळाला. घरचा अभ्यास होता की घरात ऐकलेलं एकेक वाक्य आणून योग्य रकान्यात लिहायचं. दुसऱ्या दिवशी फळा पुरेना. माकडाच्या पोरीने सांगितलं की तिची मावशी आल्यागेल्याला 'एकदा या ना आमच्याकडे जेवायला' म्हणते. हिने केव्हा असं विचारलं, तर मावशी आभाळाकडे बघायला लागली. दुसरा रकाना. कासवाच्या पोराचे वडील 'हा निघालोच' म्हणाले होते, ते परवा निघाले. दुसरा रकाना. साळिंदराच्या पोराची आई म्हणाली होती, पुन्हा चिखलात गेलास तर काटे उपटीन. त्याने विचारलं, किती? तिने उत्तरादाखल चार उपटले. पहिला रकाना. तो पोरगा सगळ्यांना जागा दाखवत फिरत होता, फार अभिमानाने.

इथवर सगळं ठीक होतं. पण शिकलेलं पोर घरी जातं आणि घरात मोठी माणसं असतात. म्हणजे जनावरं. तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

पालक संघाचे अध्यक्ष होते दादासाहेब सांबर. भारदस्त प्राणी, शिंगांचा पसारा एवढा की बोलताना आधी शिंगं हलायची, मग शब्द यायचे. त्यांचं स्वतःचं पाडस शेजारच्या जंगलातल्या चांगल्या शाळेत होतं, पण संघ मात्र ते इथला चालवायचे. हा धडा त्यांच्या कानावर गेला आणि ते हरखून गेले. त्यांनी संघाच्या बैठकीत सांगितलं की वाच्यार्थ हा अडाण्यांसाठी असतो, सुसंस्कृत प्राणी नेहमी शब्दांच्या पलीकडचा अर्थ शोधतो. झालं. मोठ्यांना चटकच लागली. कोणी काही बोललं की हे डोळे मिटून माना डोलवायचे. एकदा एक वानर झाडावरून ओरडलं, फांदी मोडतेय, बाजूला व्हा. दादासाहेब खाली उभे होते. ते म्हणाले, आजच्या काळावर किती मोजकं भाष्य आहे हे. फांदी पाठीवर पडली. चार दिवस लंगडत होते, पण भेटेल त्याला सांगायचे की वाक्य मात्र अर्थगर्भ होतं.

आता टिकलीची गोष्ट. टिकली ही सशाची पोर, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. तिचं बीळ गुहेच्या बरोब्बर खाली. म्हणजे राजाच्या नाकाखालूनच तिला यावं लागायचं. तिने घरचं वाक्य आणलं नाही. तिने भिंतीकडे बोट केलं.

"बाई, हे कुठल्या रकान्यात?"

टिकलीने पुढे सांगितलं की आईने विचारायला सांगितलंय. पहिल्या रकान्यात असेल तर आई उद्यापासूनही पाठवणार, दुसऱ्यात असेल तर नाही पाठवणार. आईला बाकी काही कळत नाही, एवढंच कळतं.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. पहिल्या रकान्यात लिहावं, तर उद्या एखादं पोर वाटेत नाहीसं झालं की ते पाप कोणाच्या माथी? दुसऱ्या रकान्यात लिहावं, तर तो राजद्रोह, आणि शाळा आजच बंद. चार वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून त्या शिकवत आल्या होत्या, ते काही उगाच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. टिकलीने लगेच विचारलं, केव्हा? आणि बाई आभाळाकडे बघायला लागल्या.

तेवीस पोरांनी वह्या उघडल्या आणि ते वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहिलं. बाईंना फार लाज वाटली. एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात आठ पोरं. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी तरससाहेब हजर. त्यांनी पट पाहिला, बाईंकडे पाहिलं आणि हसले. राजाच्या वाक्यावर पोरांना शंका घ्यायला शिकवता काय, म्हणाले, आणि पुन्हा हसले. बाईंनी सांगून पाहिलं की धडा पुस्तकातलाच आहे. साहेब म्हणाले, धडा शिकवायला सांगितलं होतं, वापरायला नव्हे. मग त्यांनीच तोड काढली. येत्या सोमवारी आदर्श पाठ होईल. महाराज जातीने येतील, पालक येतील, सगळी पोरं आलीच पाहिजेत, आणि महाराज स्वतः सांगतील वाक्य कुठल्या रकान्यातलं ते. बाईंनी फक्त खडू धरायचा.

बाईंना तीन रात्री झोप नाही. पण एक गोष्ट त्यांनी स्वतःशी कबूल केली. सोमवारसाठी पोरांना बोलवायला दारोदार त्या स्वतः गेल्या होत्या. टिकलीच्या आईला त्या म्हणाल्या की मी आहे ना तिथे. टिकलीच्या आईने कुठे, केव्हा, किती असं काही विचारलं नाही. नुसती मान हलवली. ते बाईंना जास्त लागलं.

सोमवार उजाडला. आंब्याच्या पानांचं तोरण, रांगोळी, सगळं झालं. पहिल्या ओळीत पालक संघ, दुसऱ्या ओळीत पाहुणे, आणि पोरं मागे भिंतीला टेकून. महाराज दहाला येणार होते, ते साडेअकराला आले. न्याहारी न करता आले होते, कारण स्वागत झालं की अल्पोपाहार आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं. अल्पोपाहारात काकडी होती.

मग भाषणं. तरससाहेबांनी प्रास्ताविक केलं, त्यात हसण्याचाच वेळ जास्त. दादासाहेबांनी स्वागत केलं. पाहुण्यांचा परिचय झाला. पाहुण्यांनी आपला परिचय अपुरा राहिल्याचं सांगून तो स्वतः पुरा केला. उन्हं चढली. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या आणि त्यांचं लक्ष भाषणांकडे नव्हतं. महाराजांच्या शेपटीचं टोक हलत होतं. तेवढंच टोक, बाकी शेपूट स्थिर. बाईंना त्याचा अर्थ ठाऊक होता. त्यांच्या आईला ठाऊक होता, आईच्या आईला ठाऊक होता. त्यांनी घसा खाकरला. तरससाहेबांनी डोळे वटारले. बाईंनी परिपत्रकाला धरून सौम्य व सूचक शब्दांत सांगून पाहिलं की कार्यक्रम आटोपता घ्यावा, काहींना भूक लागली असेल. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दादासाहेब शेजाऱ्याला म्हणाले, ही ज्ञानाची भूक बरं का.

अखेर महाराज उठले. आवाज काय, अगदी लोण्यासारखा. म्हणाले, शंका घेणाऱ्यांवर माझा राग नाही. माझं वाक्य शब्दाला शब्द खरं आहे. बाई, लिहा पहिल्या रकान्यात.

बाईंनी लिहिलं. मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे उभ्या असलेल्या आयांनी मोकळा श्वास घेतला. क्षणभर बाईंनाही वाटलं, असेल बुवा खरं. वाटावंसं वाटतं हो. तेवीस पोरांची काळजी एकटीने वाहायची म्हणजे चेष्टा नाही.

तेवढ्यात टिकलीने हात वर केला. ती उद्धट पोर नव्हती, हे आधी ध्यानात घ्या. तिला बाईंनी शिकवलेलं होतं आणि तिला आईला उत्तर न्यायचं होतं.

"महाराज, मग तुमची आधीची लेकरं कुठे आहेत?"

हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मागच्या थंडीत राणीसाहेबांना तीन बछडे झाले होते. मग दोन दिसायला लागले. मग एक. पुढे राणीसाहेब माहेरी निघून गेल्या आणि महाराज अंगाने चांगले भरले. गादीला वारस नकोत, असं काहीतरी त्यांचं होतं. म्हणजे बघा, वाक्य दुसऱ्या रकान्यात असतं तरी पोरं मरणार होती, आणि पहिल्या रकान्यात होतं म्हणूनही मरणार होती. बाईंच्या हे आत्ता लक्षात आलं. वाक्य खोटं निघेल, या चुकीच्या गोष्टीला त्या चार वर्षं भीत होत्या.

महाराज आभाळाकडे बघत नव्हते. ते टिकलीकडे बघत होते. शेपटीचं टोक थांबलं.

बाई भुंकल्या.

चार वर्षांचं साठलेलं भुंकणं होतं ते. भॉक, असा एकच आवाज, पण डोंगरापलीकडे गेला. पोरांनी अर्थबिर्थ काही लावला नाही. ती पळाली. टिकली सगळ्यांच्या पुढे, कासवाचं पोर माकडाच्या पोरीच्या पाठीवर, साळिंदर वाटेत येईल त्याला टोचत. आया त्यांच्या मागे पळाल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत भिंतीपाशी कोणी उरलं नाही.

पालक संघ मात्र जागचा हलला नाही. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दादासाहेब उठून उभे राहिले, महाराजांच्या आणि भिंतीच्या बरोबर मध्ये, आणि त्यांनी शिंगं हलवली.

"मित्रहो, घाई करू नका. बाईंचं हे भुंकणं वरवर घ्यायचं नाही. आज प्रत्येकाच्या आतलं भेकर गप्प झालंय, हे त्यांना सुचवायचंय."

पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाई पुन्हा भुंकल्या. पुन्हा टाळ्या. बाई रडकुंडीला येऊन तिसऱ्यांदा भुंकल्या, तर एक चितळ म्हणालं, पुनरुक्तीने परिणाम वाढतो. दादासाहेब त्यावर काहीतरी बोलणार होते. महाराजांची न्याहारी व्हायची होती आणि समोर दादासाहेब होते.

तेव्हा कुठे बाकीच्यांना वाच्यार्थ कळला आणि ते पळाले.

संध्याकाळी बाई ओढ्यापलीकडच्या करवंदाच्या जाळीत गेल्या. तिथे सगळी पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. बाईंनी मोजली. तेवीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली. मग त्या खाली बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या, आणि टिकलीने त्यांच्या कुशीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना निलंबनाचा कागद आला. शैक्षणिक वातावरण बिघडवले, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा, असं त्यात होतं.

आठवड्याने दादासाहेबांची शोकसभा झाली. पालक संघ पूर्ण हजर, यावेळी व्यासपीठापासून जरा दूर बसलेला. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, शेजारी टिकली. तरससाहेब बोलायला उठले. दादासाहेबांसारख्या रसिकाला मरण नसतं, म्हणाले, आणि हसले. आज ते आपल्यात दिसत नसतील, पण ते कुठेही गेलेले नाहीत. ते महाराजांच्या हृदयात आहेत.

टिकली उभी राहिली. "हृदयात नाही, साहेब," ती म्हणाली. "पोटात."

आता तरी यांना कळेल, असं बाईंना मनापासून वाटलं.

पालक संघाचे नवे अध्यक्ष, तेच ते चितळ, हळूच शेजाऱ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"एवढ्याशा पोरीच्या तोंडी केवढी सखोल प्रतिमा," ते म्हणाले, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तात्पर्य. आणि हे शब्दाला शब्द धरून वहीत उतरवून घ्या, परीक्षेला येतं. शिक्षकांनी शाळेत भुंकू नये. त्याने ज्यांना अर्थाची जाण नाही अशी मुले तेवढी वाचतात, आणि जाणकारांचे नुकसान होते.